गुरूपेक्षा सत्य मोठे : सर अलेक्झांडर ग्रँट यांची जीवनकथा



काही दिवसांपूर्वी रविवारची मिस्सा संपल्यावर एक आई आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली. नवरा सळईच्या कारखान्यात कामाला, ती स्वतः हंगामात बियाण्यांच्या कंपनीत निवडणीला जाते. मुलगा चौथी पास झाला होता. पाचवीला त्याला इंग्रजी माध्यमात घालावे की मराठीतच राहू द्यावे, हे तिला विचारायचे होते. जाता जाता तिने आणखी एक गोष्ट सांगितली. मुलगा हुशार आहे, पण वर्गात फार प्रश्न विचारतो, बाईंना उलट बोलतो, अशी तक्रार घरी आली होती. हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर अभिमान आणि काळजी दोन्ही दिसत होते.

मी तिला त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही. पण संध्याकाळी मला एका जुन्या शिक्षकाची आठवण झाली. सेमिनरीत आम्ही ॲरिस्टॉटलचे नीतिशास्त्र शिकत होतो तेव्हा त्यांचे नाव पहिल्यांदा कानावर आले. पुढे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे चरित्र वाचताना तेच नाव पुन्हा भेटले. ग्रीक ग्रंथावर भाष्य लिहिणारे आणि मुंबईत रानड्यांना शिकवणारे गृहस्थ एकच, हे कळल्यावर मला मोठे नवल वाटले. त्यांचे नाव सर अलेक्झांडर ग्रँट. मुंबईतला ग्रँट रोड आणि ग्रँट मेडिकल कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते ग्रँट वेगळे. ते रॉबर्ट ग्रँट, मुंबईचे गव्हर्नर. आपले ग्रँट शिक्षक होते.

बालपण आणि शिक्षण

अलेक्झांडर ग्रँट यांचा जन्म १३ सप्टेंबर १८२६ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क येथे झाला. घराणे मूळचे स्कॉटलंडचे. घराण्याला बॅरोनेट ही वंशपरंपरागत पदवी होती. पदवी मोठी असली तरी घरची स्थिती तशी नव्हती, आणि या मुलाला पुढे आपल्या विद्येवरच पोट भरायचे होते.

इंग्लंडमधील हॅरो येथील प्रसिद्ध शाळेत त्यांचे शिक्षण झाले. तेथून ते ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजात शिष्यवृत्ती मिळवून गेले. त्या काळी ऑक्सफर्डमध्ये शिक्षण म्हणजे मुख्यतः ग्रीक आणि लॅटिन. होमरचे काव्य, ग्रीक नाटके, प्लेटो व ॲरिस्टॉटल यांचे तत्त्वज्ञान, रोमन इतिहासकार, सिसेरोची भाषणे हे सर्व मूळ भाषेतून वाचायचे, त्यांचे भाषांतर करायचे आणि त्या भाषांत स्वतः लिहायचेही. आपल्याकडे काशीला किंवा पैठणला जसे संस्कृत शिकणारे विद्यार्थी वर्षानुवर्षे एकेका ग्रंथावर बसत, तसाच हा प्रकार होता.

ग्रँट यांचे वाचन अफाट होते, पण परीक्षेपुरते वाचण्याची सवय त्यांना नव्हती. १८४८ मध्ये शेवटच्या परीक्षेत त्यांना दुसरा वर्ग मिळाला. इतक्या हुशार मुलाला हा धक्काच होता. तरीही पुढच्याच वर्षी, १८४९ मध्ये, ओरिएल कॉलेजने त्यांना फेलो म्हणून निवडले. ओरिएलची ही जुनी रीत होती. परीक्षेच्या गुणांपेक्षा विचार करण्याची ताकद तिथे पाहिली जाई. संत जॉन हेन्री न्यूमन यांच्याही बाबतीत असेच घडले होते. १८२० च्या पदवी परीक्षेत न्यूमन अगदी मागे पडले आणि १८२२ मध्ये त्याच ओरिएलने त्यांना निवडले. दहावी-बारावीच्या निकालानंतर घराघरांत रडारड होते, तेव्हा या दोन माणसांची आठवण ठेवायला हरकत नाही.

एका ग्रंथाची सोबत

फेलो झाल्यावर ग्रँट विद्यार्थ्यांना ग्रीक तत्त्वज्ञान शिकवू लागले. शिकवता शिकवता त्यांचे मन एका ग्रंथावर स्थिरावले. तो ग्रंथ म्हणजे ॲरिस्टॉटलचे नीतिशास्त्र. ॲरिस्टॉटल ख्रिस्तपूर्व ३८४ मध्ये जन्मला आणि ख्रिस्तपूर्व ३२२ मध्ये मरण पावला. त्याच्या या ग्रंथाचे दहा भाग आहेत. माणसाचे खरे कल्याण कशात आहे, हा त्याचा एकच प्रश्न. पैशात, मानात की सुखोपभोगात? ॲरिस्टॉटलचे म्हणणे असे, की माणसाचे कल्याण सद्गुणाने जगण्यात आहे आणि सद्गुण हा सवयीने अंगी येतो. गवंडी भिंती बांधूनच गवंडी होतो, तसा माणूस न्यायाची कामे करूनच न्यायी होतो. भित्रेपणा आणि आततायीपणा यांच्या मध्ये धैर्य असते. उधळेपणा आणि कंजूषपणा यांच्या मध्ये दानत असते.

हा ग्रंथ ख्रिस्तसभेलाही परका नाही. तेराव्या शतकात तो ग्रीकमधून लॅटिनमध्ये आला आणि संत थॉमस अक्वायनस यांनी त्या लॅटिन भाषांतरावर आपले सविस्तर भाष्य लिहिले. आजही सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना सद्गुण, सवय, विवेक हे शब्द येतात, त्यांचे मूळ पुष्कळ अंशी तिथेच आहे.

१८५७ मध्ये ग्रँट यांनी हा ग्रंथ मूळ ग्रीक, त्यावरील टिपा आणि दीर्घ निबंधांसह प्रसिद्ध करायला सुरुवात केली. त्यांच्या पद्धतीत नवे काय होते? तोवर ॲरिस्टॉटलची वाक्ये पाठ करून प्रमाण म्हणून वापरली जात. ग्रँट म्हणाले की आधी काय होते ते पाहा. सॉक्रेटिसच्या आधी ग्रीक माणूस भल्याबुऱ्याचा विचार कसा करी, सॉक्रेटिसने काय प्रश्न विचारले, प्लेटोने काय उत्तर दिले, आणि मग ॲरिस्टॉटल कुठे उभा आहे. त्याच्या नंतर आलेल्या स्टोईक पंथावरही त्यांनी लिहिले. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात संत पौल अथेन्समध्ये ज्या तत्त्वज्ञांशी वाद घालतो, त्यांत हे स्टोईक होते. ग्रँट यांचा असाही अंदाज होता की नीतिशास्त्राचे पाच ते सात हे मधले तीन भाग ॲरिस्टॉटलचे नसून त्याचा शिष्य युडेमस याचे असावेत. पुढच्या अभ्यासकांनी हे मत जसेच्या तसे मानले नाही. पण गुरूच्या ग्रंथात शिष्याचा हात ओळखू पाहणारी त्यांची नजर ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या ग्रंथाच्या पहिल्याच भागात एक प्रसिद्ध जागा आहे. ॲरिस्टॉटल वीस वर्षे प्लेटोच्या हाताखाली शिकला होता. प्लेटोचे एक मुख्य मत त्याला पटेनासे झाले. ते खोडून काढण्यापूर्वी तो अडखळतो. ज्यांनी हे मत मांडले ते आपले प्रियजन आहेत, असे तो कबूल करतो. पण प्रियजन आणि सत्य दोन्ही प्रिय असले तरी तत्त्वज्ञान करणाऱ्याने सत्याला आधी मान दिला पाहिजे, असे म्हणून तो पुढे जातो. ग्रँट यांनी ही जागा किती वेळा शिकवली असेल! त्यांना तेव्हा ठाऊक नव्हते की हीच गोष्ट एक दिवस त्यांच्या स्वतःच्या वर्गात घडणार आहे.

मुंबईला आगमन

१८५६ मध्ये वडील वारल्यावर बॅरोनेट ही पदवी त्यांच्याकडे आली. १८५९ मध्ये त्यांचा विवाह स्कॉटलंडमधील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जेम्स फेरियर यांच्या कन्येशी झाला. त्याच वर्षी ते शाळा तपासनीस म्हणून मद्रासला आले. १८६० मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात इतिहास आणि अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १८६२ मध्ये तेथील प्राचार्य.

मुंबई विद्यापीठ तेव्हा तान्हे होते. त्याची स्थापना १८५७ ची. बी.ए. ची पहिली परीक्षा १८६२ मध्ये उत्तीर्ण झालेले विद्यार्थी चार : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. महाराष्ट्राच्या पुढच्या चाळीस वर्षांच्या विचाराला वळण देणाऱ्यांपैकी ही मंडळी एल्फिन्स्टन कॉलेजच्या बाकांवर बसलेली होती. ग्रँट यांना असे विद्यार्थी मिळाले, हे त्यांचे भाग्य. आणि ऑक्सफर्डच्या मुलांना जे दिले तेच, हात आखडता न घेता, ग्रँट यांनी या मुलांना दिले, हे या मुलांचे भाग्य. मूळ पुरावा पाहा, दोन बाजू मांडा, तुलना करा, मग निर्णय द्या, अशी ती शिस्त होती.

निबंध आणि शिक्षा

रानडे विद्यार्थी असतानाची एक गोष्ट त्यांच्या चरित्रकारांनी सांगितली आहे. रानड्यांनी एक निबंध लिहिला. त्यात मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना केली होती आणि तुलनेत इंग्रजी राज्य उणे ठरवले होते. निबंध ग्रँटसाहेबांच्या हाती पडला. त्यांनी रानड्यांना बोलावून घेतले आणि जे सरकार तुला शिकवत आहे त्याचीच तू निंदा करतोस, अशा आशयाची समज दिली. एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी रानड्यांची शिष्यवृत्ती सहा महिन्यांसाठी बंद केली.

क्षणभर थांबून विचार करू. रानड्यांनी नेमके काय केले होते? इतिहासाच्या प्राध्यापकाने जे शिकवले तेच. त्यांनी दोन गोष्टींची तुलना केली आणि स्वतःला जे खरे दिसले ते लिहिले. प्लेटोच्या शिष्याने अडीच हजार वर्षांपूर्वी जे केले आणि ज्याचे ग्रँट यांनी छापील पुस्तकात आदराने विवरण केले, तेच या मराठी मुलाने केले. पण ग्रंथातला शिष्य वेगळा आणि समोर उभा राहिलेला शिष्य वेगळा. ग्रंथातला शिष्य आपल्याला दुखवत नाही.

ॲरिस्टॉटलने रागावरही लिहिले आहे. रागावणे सोपे आहे, पण योग्य माणसावर, योग्य कारणासाठी, योग्य वेळी आणि योग्य प्रमाणात रागावणे अवघड आहे, असे त्याचे सांगणे. या विषयावर ग्रँट यांच्याइतका अधिकार असलेला माणूस त्या वेळी हिंदुस्थानात क्वचितच असेल. आणि त्यांचेच माप चुकले. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलाला सहा महिने म्हणजे काय, हे आपल्यापैकी ज्यांची मुले वसतिगृहात राहून शिकतात त्यांना सांगायला नको.

हे मी ग्रँट यांना कमी लेखण्यासाठी लिहीत नाही. मी स्वतः धर्मशिक्षणाच्या वर्गात प्रश्न विचारणाऱ्या मुलाला गप्प बसवले आहे, आणि नंतर प्रश्न बरोबर होता हे मला कळले आहे. ज्ञान डोक्यात असणे आणि ते ऐन प्रसंगी हातात येणे यांत अंतर असते. म्हणूनच ॲरिस्टॉटल सवयीवर एवढा भर देतो.

दुसरा निर्णय

१८६० च्या दशकात ग्रँट मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १८६५ मध्ये मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्याचे संचालकही. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तेव्हा कापसाला सोन्याचा भाव आला होता. मुंबईत पैसा वाहत होता. प्रेमचंद रायचंद, कावसजी जहांगीर यांसारख्या धनिकांनी विद्यापीठाला मोठ्या देणग्या दिल्या त्या याच काळात.

या काळातला एक निर्णय मात्र आपल्या भाषेच्या दृष्टीने दूरगामी ठरला. विद्यापीठाच्या पहिल्या वर्षांत मराठी, गुजराती या देशी भाषांनाही परीक्षांत जागा होती. १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला, ग्रँट यांच्या पुढाकाराने, पदवीच्या अभ्यासक्रमातून देशी भाषा बाजूला काढण्यात आल्या. प्रवेश परीक्षेपर्यंत मराठी राहिली. वर संस्कृत, लॅटिन, अरबी यांसारख्या अभिजात भाषा आल्या. ही बाजू मांडणाऱ्यांचा युक्तिवाद असा, की ज्या भाषेत जुने, पक्के, घोटीव साहित्य आहे तिच्या अभ्यासानेच बुद्धीला वळण लागते. मराठीत छापील गद्य ग्रंथ अजून थोडे आहेत. विद्यार्थी संस्कृतात तयार झाले की पुढे तेच मराठीला समृद्ध करतील.

या युक्तिवादात काहीच तथ्य नव्हते असे नाही. त्या धोरणामुळे संस्कृतच्या आधुनिक अभ्यासाला मुंबई इलाख्यात मोठा जोर आला. १८६३ मध्ये गेओर्ग ब्यूलर हे जर्मन पंडित एल्फिन्स्टन कॉलेजात आले आणि पुढे भांडारकरांनी जगभर मान मिळवला. पण दुसरी बाजूही होती. ज्या मुलाची आई ओव्या म्हणत जात्यावर बसते, ज्याच्या घरी ज्ञानेश्वर-तुकारामांचे अभंग रोज कानावर पडतात, त्याला विद्यापीठाने सांगितले की तुझी भाषा उंबऱ्याबाहेर ठेवून आत ये. ग्रँट यांना ग्रीक-लॅटिनचे जे प्रेम होते त्याच प्रेमामुळे त्यांना समोरची जिवंत भाषा लहान दिसली. विशेष हे की १८६४ अखेरपर्यंत मुंबई इलाख्यात छापल्या गेलेल्या देशी पुस्तकांची यादीही त्यांच्याच नावाने प्रसिद्ध झाली. म्हणजे मराठीत काय छापले जात आहे हे त्यांच्या टेबलावर होते.

इथे आपल्या फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण होते. तेही इंग्लंडहून आलेले, लॅटिनमध्ये मुरलेले. १५८३ मध्ये गोव्याहून आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी नोंदवले होते, की इथल्या भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे. आणि मग त्यांनी मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचले, जे १६१६ मध्ये प्रथम छापले गेले. दोघांचीही विद्या एकच होती. एकाला त्या विद्येमुळे मराठीची थोरवी दिसली, दुसऱ्याला दिसली नाही.

आणि आपणही दुसऱ्याकडे बोट दाखवायला नको. आपल्या ख्रिस्तसभेतही मिस्सा शतकानुशतके लॅटिनमध्येच होत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये पवित्र उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला आणि लोकभाषेला दार उघडले, म्हणून आज आपण मराठीत प्रार्थना करतो. आणि मराठवाड्यातल्या वडीलधाऱ्यांना तर ही गोष्ट फारच जवळची. निजामाच्या राज्यात शिक्षणाची आणि कचेरीची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातही शिक्षण उर्दूतच होई. १९४८ पूर्वी शाळेत गेलेल्या आपल्या आजोबांनी गणित आणि इतिहास दुसऱ्याच्या भाषेत शिकला. त्यांना उर्दू उत्तम येई, त्या भाषेचे त्यांना प्रेमही होते. पण मनातले बोलायचे तर मराठीच.

एडिंबरो

१८६८ मध्ये ग्रँट मुंबई सोडून स्कॉटलंडला गेले. एडिंबरो विद्यापीठाच्या प्रमुखपदासाठी त्यांची निवड झाली. त्यांच्या विरुद्ध उमेदवार होते सर जेम्स सिम्पसन, ज्यांनी बाळंतपणात क्लोरोफॉर्मचा वापर सुरू केला. इतक्या नामांकित डॉक्टरला मागे टाकून आलेल्या ग्रीकच्या पंडिताने पुढे त्याच विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेच्या नव्या इमारतींसाठी कष्ट घेतले, हे सांगायला हवे.

तिथे असताना त्यांनी दोन छोटी पुस्तके लिहिली. १८७१ मध्ये झेनोफन या ग्रीक लेखकावर आणि १८७७ मध्ये ॲरिस्टॉटलवर. ही पुस्तके पंडितांसाठी नव्हती. ज्यांना ग्रीक येत नाही अशा साध्या इंग्रज वाचकांसाठी ती होती. आयुष्यभर मूळ ग्रीकचा आग्रह धरणाऱ्या माणसाने उतारवयात ॲरिस्टॉटलला लोकांच्या भाषेत आणून बसवले. आपल्या देशातल्या दुकानदाराला, कारकुनाला त्याच्या भाषेत ज्ञान मिळाले पाहिजे, हे त्यांना कळत होते. मुंबईच्या मुलांनाही तोच हक्क आहे, हे त्यांना त्या वेळी दिसले नव्हते. मराठी वाचकाला ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठीत मिळाले ते १९५७ मध्ये, कवी विंदा करंदीकर यांच्यामुळे.

१८८४ च्या एप्रिलमध्ये एडिंबरो विद्यापीठाला तीनशे वर्षे झाल्याचा मोठा सोहळा झाला. त्यासाठी ग्रँट यांनी विद्यापीठाचा इतिहास दोन खंडांत लिहिला. सोहळ्याची दगदग मोठी होती. त्याच वर्षी ३० नोव्हेंबर रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

शिष्याने काय केले?

गुरूची गोष्ट त्याच्या मृत्यूने संपत नाही. ती शिष्यांत पुढे चालते. रानडे न्यायाधीश झाले, १८९३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेले. शिक्षेचा डंख त्यांनी मनात ठेवला नाही. ग्रँट यांच्याविषयी ते आदरानेच बोलत. पण त्या आदरापोटी त्यांनी आपले मतही सोडले नाही. मराठी राज्याविषयी ज्या निबंधामुळे शिष्यवृत्ती गेली, त्याच विषयावर त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला आणि १९०० मध्ये मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. पण आता त्यामागे तरुणपणाचा आवेश नव्हता. कागदपत्रे, बखरी, संतांचे साहित्य यांचा पुरावा होता. हे माप ग्रँट यांच्याच वर्गात हाती आले होते.

दुसऱ्या निर्णयाचीही दुरुस्ती रानड्यांनी हाती घेतली. विद्यापीठाच्या सिनेटमध्ये देशी भाषांना पुन्हा जागा मिळावी म्हणून ते अखेरच्या वर्षांत चिकाटीने झटले. मराठीत किती ग्रंथ झाले आहेत, त्यांची योग्यता काय, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे वारले, आणि त्याच सुमारास एम.ए. च्या परीक्षेत देशी भाषांना प्रवेश मिळाला. गुरूने लावलेले दार शिष्याने उघडले, तेही गुरूला शिव्या न देता. आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी भारत सरकारने मराठीला अभिजात भाषा म्हणून मान्यता दिली. ज्या कारणासाठी मराठीला एकेकाळी बाहेर बसवले, तोच मान तिला मिळाला.

ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्राचे दोन पूर्ण भाग मैत्रीवर लिहिले आहेत. त्यात तो म्हणतो की काही ऋणे पैशाने फिटत नाहीत. देवाचे, आईवडिलांचे आणि ज्याने आपल्याला विचार करायला शिकवले त्याचे. त्यांना आपण यथाशक्ती मान देऊ शकतो, एवढेच. रानड्यांनी दोन्ही केले. सत्याला आधी मान दिला आणि गुरूला द्यायचा मानही बुडवला नाही. ग्रँट यांच्या ग्रंथावरचे उत्तम भाष्य कोणते, असे मला विचारले तर मी रानड्यांच्या आयुष्याकडे बोट दाखवीन.

त्या आईला मी काय सांगितले, हे आता सांगतो. पुढच्या रविवारी ती पुन्हा भेटली. मी तिला म्हटले, मुलाला इंग्रजी येऊ दे, चांगली येऊ दे, कारण नव्या भाषेने नवी खिडकी उघडते. पण घरची भाषा लाजेची नाही, हे त्याला तुमच्याकडून कळले पाहिजे. शाळा कोणतीही निवडा, रोज रात्री त्याला एक पान मराठी मोठ्याने वाचायला लावा आणि तुम्ही ऐका. आणि तो प्रश्न विचारतो म्हणून त्याला मारू नका. प्रश्न कसा विचारावा, मोठ्यांचा मान राखून खरे कसे बोलावे, एवढे शिकवा. बाईंनाही मी भेटेन.

तिने मुलाकडे पाहिले. मुलाने लगेच मला विचारले, फादर, तुम्हाला लॅटिन येते का? मी म्हणालो, थोडे. मग शिकवाल का, असे त्याने विचारले. तेव्हापासून शनिवारी दुपारी धर्मशिक्षणानंतर आम्ही दोघे अर्धा तास बसतो. तो लॅटिन शब्द शिकतो आणि मला त्याचा मराठी अर्थ नीट सांगावा लागतो. जिथे माझा मराठी शब्द कमी पडतो तिथे तो मला अडवतो. मी त्याला अडवू देतो.

आपल्या गावातल्या, वस्तीतल्या सर्व शिक्षकांसाठी आणि प्रश्न विचारणाऱ्या सर्व मुलांसाठी या आठवड्यात घरी रोझरी म्हणताना एक प्रणाम मरिया जास्त म्हणा, ही विनंती.

प्रभूचा आशीर्वाद आपणा सर्वांवर असो.

आपला धर्मगुरू